लाईट आली की कॉम्प्युटर आपोआप उघडावा, पण कुणाचा?

कुरुंद्याला आमच्या घरी कॉम्प्युटरच्या स्क्रीनला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अण्णांच्या अक्षरात पासवर्ड, आणि त्यातलं मोठं ‘के’ लाल पेनानं गिरवलेलं. घरात येणाऱ्या कुणालाही दिसेल अशी. म्हणजे पासवर्ड होता, पण नावाला.

तिकडं वसमत तालुक्यात लाईटीचं काय सांगायचं! ती गेली की कॉम्प्युटर बंद, आली की पुन्हा पासवर्ड. अण्णांचा हात थरथरतो. दोन-तीनदा चुकलं की मला पुण्याला फोन, “आरं, हे पुन्हा तेच मागायलंय बघ.” त्यांना पाहायचं काय असतं? वसमतच्या मोंढ्यातला हळदीचा भाव, एखादं कीर्तन आणि नातीचा व्हिडिओ कॉल.

दिवाळीत गेलो तेव्हा सेटिंग करून टाकलं. विंडोज १० आणि ११ दोन्हींत रस्ता तोच आहे. विंडोजची की दाबून ‘आर’ दाबा. छोटी चौकट येते, तिच्यात नेटप्लविझ टाइप करा. स्पेलिंग सांगतो: एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड. खात्यांची यादी दिसेल. हवं ते खातं निवडायचं, वरच्या ‘युजर्स मस्ट एंटर’ या ओळीपुढची खूण काढायची आणि अप्लाय. मग पासवर्ड दोनदा विचारतो. इथं बरेच जण पिन टाकतात आणि फसतात. पिन नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

ती खुणेची ओळच दिसत नसेल तर सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स असं जा. तिथं ‘फक्त विंडोज हॅलोनं साइन-इन’ अशा अर्थाचं एक बटण असतं, ते बंद करून नेटप्लविझ पुन्हा उघडा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र या भानगडीत पडू नका.

झालं. अण्णा खूश. पण मी केलं होतं ते माझ्याच खात्यावर. त्याच चार दिवसांत तिथूनच ऑफिसचं काम केलं आणि क्रोममध्ये माझा मेल तसाच उघडा राहिला. पंधरा दिवसांनी फोन आला. लाईटीचं काही बोलले नाहीत. म्हणाले, “किती राहिलंय रे?” घराच्या कर्जाचा हप्ता थकल्याचं पत्र त्यांनी वाचलं होतं. ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. चोराची भीती मनात होती, घरातल्या माणसाचा विचारच केला नव्हता.

पुढच्या खेपेला जे केलं ते आधीच करायला हवं होतं. अण्णांसाठी वेगळं खातं काढलं, स्टँडर्ड प्रकारचं, म्हणजे चुकून काही इन्स्टॉल व्हायला नको. माझ्या ॲडमिन खात्यातून नेटप्लविझ उघडून आपोआप उघडायला त्यांचं खातं लावलं. माझ्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि तो चिठ्ठीवर गेला नाही. त्यांच्या खात्यात बँक नाही, सेव्ह केलेले पासवर्ड नाहीत. हे सगळं ज्या खात्यात आहे, ते आपोआप उघडणारं करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि प्रवासात नेणाऱ्या लॅपटॉपवर तर अजिबात नाही. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली तरी चोरानं नुसतं बटण दाबलं की तुमचं खातं त्याच्यासमोर उघडं.

अजून एक. स्लीपमधून उठल्यावरही पासवर्ड विचारत असेल तर त्याच साइन-इन ऑप्शन्समध्ये ‘नेव्हर’ निवडा.

बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ अशासारखा पर्याय असतो, नाव बोर्डागणिक बदलतं. तो चालू केला की लाईट आल्यावर कॉम्प्युटर स्वतःच सुरू होतो. आमच्याकडं तो बंदच ठेवलाय. लाईट दहा मिनिटांत चारदा ये-जा करते तेव्हा डिस्कचे हाल होतात. त्यापेक्षा छोटा यूपीएस घेतला, आणि बटण अण्णा स्वतः दाबतात.