पक्षाघात : तेलमालीश नको, आधी सीटी स्कॅन

पक्षाघातावर, म्हणजेच ब्रेन स्ट्रोकवर, गुणकारी औषध आहे. पण ते ठरावीक तासांतच देता येतं. आपल्याकडे हे तास बहुतेकदा घरातच वाया जातात आणि त्याला कारण असतात पुढचे गैरसमज.

गैरसमज : अंगावरून वारं गेलंय. तेल लावून शेकलं की उतरेल.

वस्तुस्थिती : गार वाऱ्याने पक्षाघात होत नाही. लुळा हात दिसतो, पण बिघाड मेंदूत असतो. दहापैकी सुमारे आठ रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते, बाकीच्यांत ती फुटलेली असते. मोठी रक्तवाहिनी बंद पडली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. मालीश, कबुतराचं रक्त चोळणं, बोटांना सुई टोचून रक्त काढणं, यांपैकी कशानेही ती गुठळी हलत नाही.

गैरसमज : काही दुखत नाही, म्हणजे गंभीर नसणार.

वस्तुस्थिती : बहुतेक पक्षाघात न दुखताच येतात, म्हणूनच घरचे थांबून राहतात. शंका आली तर तीन गोष्टी तपासा. रुग्णाला दात दाखवून हसायला सांगा. ओठांची एक बाजू खाली ओघळलेली दिसते का? डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा आणि दहापर्यंत मोजा. एक हात हळूहळू खाली घसरतो का? ‘आज बाजारातून भाजी आणायची आहे’ असं साधं वाक्य म्हणायला सांगा. जीभ अडखळते का, शब्द चुकतात का, सांगितलेलं कळत नाही का? अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं, तोल जाणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, हीही लक्षणंच आहेत. यांतलं एकही अचानक दिसलं, तरी निघायला तेवढं पुरेसं आहे.

गैरसमज : दहा मिनिटांत आपोआप बरं वाटलं, आता दवाखाना कशाला?

वस्तुस्थिती : हा मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. पुढच्या दोन दिवसांत धोका सर्वाधिक असतो. हात पुन्हा उचलता आला, तरी त्याच दिवशी तपासणी हवी.

गैरसमज : रक्त पातळ करणारी गोळी घरीच देऊन टाकू.

वस्तुस्थिती : गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. रक्तस्राव असेल, तर हीच गोळी जिवावर बेतू शकते. बीपीची जादा गोळीही मनाने देऊ नका. पाणी, चहा काहीही पाजू नका. गिळण्याची शक्ती गेली असेल, तर ते श्वासनलिकेत जातं. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा.

गैरसमज : आज जवळच सलाइन लावू, मोठ्या दवाखान्याचं उद्या बघू.

वस्तुस्थिती : गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. मोठी गुठळी नळीवाटे काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो, पण त्या भरवशावर थांबू नये. डॉक्टर आधी विचारतील, ‘शेवटचे ठीक कधी होते?’ सकाळी उठल्यावर हात लुळा आढळला, तर उठल्याची वेळ सांगू नका. रात्री कुणी त्यांना नीट बोलता-चालताना पाहिलं होतं, ती वेळ सांगा. लक्षणं दिसताच घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा.

गैरसमज : हा म्हातारपणाचा आजार, नशिबात असेल तर होणारच.

वस्तुस्थिती : तो तिशी-चाळिशीतही होतो आणि बऱ्याच अंशी टाळता येतो. सर्वांत मोठं कारण वाढलेलं बीपी. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी परस्पर बंद करणं फार महागात पडतं. मधुमेह, विडी-सिगारेट, हृदयाचे अनियमित ठोके, हीही कारणं आहेत.

चोवीस तास सीटी स्कॅन आणि पक्षाघातावर उपचार होणारं तुमच्या जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. लक्षण दिसलं की १०८ला फोन करा आणि थेट तिथेच जा. घरातल्या प्रत्येकाला, शाळेत जाणाऱ्या मुलांनासुद्धा, एवढं शिकवून ठेवा.