‘काटा’ रंगवणारे मास्तर : ना. श्री. बेंद्रे

पायातला काटा काढत बांधावर बसलेली बाई आपण पिंपळगावकरांनी किती वेळा पाहिली असेल! नारायण श्रीधर बेंद्रे यांनी ‘काटा’ याच नावाचं चित्र काढलं आणि १९५५ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विषय इतका घरचा, पण मांडणी घनवादाकडे झुकलेली.

बेंद्रे तेव्हा बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवत होते. जन्म इंदूरचा, १९१०चा. गुरू देवळालीकर मास्तर. १९५०मध्ये बडोद्याला ललित कला शाखा सुरू झाली आणि चित्रकलेची जबाबदारी बेंद्र्यांवर आली.

आता, नोकरी चित्रकाराला खाते का? थोडी खातेच, हे मान्य करू. हजेरीपट, परीक्षा, बैठका कोणाला चुकल्यात? पण रोज विद्यार्थ्यांसमोर कुंचला धरणाऱ्याला एकच ठरलेली शैली मिरवत बसता येत नाही. बेंद्रे सतत बदलत राहिले, त्याचं एक कारण आम्हाला इथं दिसतं. त्यांचे विद्यार्थी बघा ना : ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख. एकाचंही काम दुसऱ्यासारखं नाही, आणि मास्तरांसारखं तर नाहीच.

१९६६मध्ये राजीनामा देऊन बेंद्रे मुंबईला आले. तिथं बारीक बारीक ठिपक्यांनी त्यांनी रंगवल्या त्या पुन्हा गावाकडच्या बायाच.