पाणपक्षी आणि रानमाश्यांची गणना

पिंपळनेरजवळ पांझरा नदीवर लाटीपाडा धरण आहे. अशा जलाशयांवरचे पाणपक्षी आशियाई पाणपक्षी गणनेत मोजतात. १९८७ पासून ही गणना दर जानेवारीत होते. तेव्हा उत्तरेकडून आलेले चक्रवाक, थापट्या मुक्कामाला असतात. वारकरी पक्ष्यांचा दाट थवा एकेक करून मोजता येत नाही; दहांचा गट नजरेत धरून असे किती गट बसतात ते पाहतात. पाणकणसात दडलेले पक्षी मात्र निसटतात.

रानमाश्या, म्हणजे रानातल्या मधमाश्या, मोजण्याचे काम अधिक किचकट. आग्या मोहोळ उंच झाडावर, कड्यावर लांबून दिसते. सातेरी ढोलीत, फुलोरी झुडपात. आग्या माश्या ऋतूनुसार जागा बदलतात, म्हणून एकाच फेरीवरून मोहोळांचा नकाशा काढणे चुकीचेच. एकट्या राहणाऱ्या माश्या ठरावीक पट्ट्यातून सावकाश चालत, फूल आणि वेळ टिपत फुलांवरच शोधाव्या लागतात.