सीरियमचा तुटवडा आहे, हे कोणी सांगितलं?

अमेरिकेत एरिक शेल्टर यांचा संशोधन गट लँथनाइड धातूंवर काम करतो. सीरियमची संयुगं आणि प्रकाश यांच्या जोरावर एरवी दाद न देणारे रासायनिक बंध तोडणं, हा त्यांच्या कामाचा एक मोठा भाग. हे सांगायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो: "रेअर अर्थ आधीच मिळेनात, आणि हे लोक ते प्रयोगशाळेत उधळताहेत?" रसायनशास्त्राचे पदवीधरही हेच विचारतात, तेव्हा खरंच चीड येते.

भीती कुठून आली, हे कळतं. एप्रिल 2025 मध्ये चीनने काही रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आपल्याकडच्या वाहन कारखान्यांना चुंबकांची चणचण भासू लागली. पण निर्बंध घातलेल्या धातूंची यादी वाचा. समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम, यट्रियम. सीरियम त्यात नाही. लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या पंधरा धातूंना एकाच पोत्यात कोंबलं की असा घोळ होतो.

भूकवचात सीरियम साधारण तांब्याइतका आहे, टनामागे 60 ग्रॅमच्या आसपास. शिवाय हे धातू खनिजात एकत्रच सापडतात. चुंबकांना लागणारा निओडिमियम नुसता खणून काढता येत नाही. मोनाझाइट किंवा बास्टनेसाइट या खनिजांतल्या लँथनाइडांपैकी जवळपास निम्मा भाग सीरियमचाच असतो. चुंबकांसाठी जितकं खणावं, तितका सीरियम आपोआप बाहेर पडतो आणि त्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं. काचेला झिलई देणारी पूड, लायटरमधला ठिणगीचा खडा, गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे त्याचे नेहमीचे उपयोग.

आता तुलना करायचीच असेल, तर योग्य ठिकाणी करा. प्रकाशाच्या मदतीने अभिक्रिया घडवण्यात, म्हणजे प्रकाश-उत्प्रेरणात, आजवर रुथेनियम आणि इरिडियम यांच्या संयुगांचा मोठा वापर झाला. इरिडियम भूकवचात हजार टनांमागे जेमतेम ग्रॅमभर. दुर्मीळ म्हणायचं ते याला! त्यांच्या जागी सीरियम वापरणं ही उधळपट्टी नाही, काटकसर आहे.

दुसरा गैरसमज उत्प्रेरकाबद्दलचा. शाळेत शिकवतात की उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही. इथे तर तो पुरता गुंततो. चार धनभारांच्या सीरियमला क्लोरीन जोडलेला असतो. प्रकाश पडला की क्लोरीनकडचा एक इलेक्ट्रॉन सीरियमकडे सरकतो, बंध तुटतो आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. तो इतका आक्रमक असतो की मिथेनसारख्या थंड स्वभावाच्या रेणूतूनही हायड्रोजन खेचून घेतो. सीरियम आता तीन धनभारांवर आलेला असतो; पुढच्या पायरीत तो जादा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि पुन्हा पहिल्या रूपात येतो.

गैरसमज फक्त सामान्य वाचकांचे असतात, असंही नाही. 2018 मध्ये शांघायटेक विद्यापीठातल्या झीवेई झुओ यांच्या गटाने सीरियम आणि अल्कोहोल वापरून मिथेनवर अभिक्रिया घडवली. हायड्रोजन खेचतो तो अल्कोहोलपासून बनलेला मुक्त मूलक, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. 2021 मध्ये शेल्टर आणि त्यांचे सहकारी पॅट्रिक वॉल्श यांच्या गटांनी दाखवलं की काम क्लोरीनचंच आहे. अल्कोहोल त्याला सैलसं धरून ठेवतं आणि त्यामुळे त्याची निवड बदलते. दोन्ही निबंध 'सायन्स'मध्ये छापून आले आहेत, शंका असेल त्यांनी वाचावेत.

बाकीचे थोडक्यात. लँथनाइड किरणोत्सारी असतात? व्यवहारात एकटा प्रोमेथियम. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटचा किरणोत्सार त्यातल्या थोरियममुळे. बाटली उन्हात ठेवली की झालं? या संयुगांना अतिनील किंवा जांभळ्या-निळ्या टोकाचा प्रकाश लागतो, म्हणून एलईडी वापरतात. हवेतला मिथेन यानं संपेल? प्रयोगातला मिथेन दाबाखाली भरलेला असतो. हवेतल्या विरळ मिथेनशी त्याचा संबंध नाही.

आणि चुंबकांची चिंता शेल्टर यांच्या गटाला नाही, असं समजणाऱ्यांसाठी: निओडिमियम आणि डिस्प्रोसियम एकमेकांपासून सुटे करण्याची, त्यांच्या संयुगांच्या विरघळण्यातल्या फरकावर आधारलेली सोपी पद्धत याच शेल्टर गटाने 2015 मध्ये प्रसिद्ध केली. जुन्या चुंबकांतले धातू परत मिळवणं, हाच तिचा हेतू आहे.