जुने छप्पर उतरविताना : राडारोड्याची जागा आधी ठरवा

होळी झाली की आपल्याकडे घराच्या डागडुजीचे वारे सुरू होतात. पावसाळ्याच्या आत छप्पर बदलायचे, तर चैत्र-वैशाखाशिवाय दुसरा मुहूर्त नाही. गवंडी कोण, सुतार कोण, स्लॅब परवडेल की पत्रा, याची चर्चा घरात महिना महिना चालते. पण छप्पर उतरल्यावर जे खाली येते ते जाणार कुठे? फुटकी कौले, माती, कुजके वासे, गंजके खिळे, वर्षानुवर्षांची काजळी, उंदरांची घाण! हा प्रश्न निघतो तो अंगणात पाऊल ठेवायला जागा उरत नाही तेव्हा. आणि मग झाडू कुणाच्या हाती येतो, हे मी सांगायला नको.

म्हणून मैत्रिणींनो, नवे छप्पर कसले घालायचे हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. पण जुन्याच्या राडारोड्याचे काय, हे मात्र पहिले कौल उतरण्यापूर्वी आपण स्वतः ठरवून घ्यावे.

वर ओझे किती आहे?

आपल्या सातारा-सांगली भागात छपरांचे तीन प्रकार दिसतात. जावळी-पाटणकडे पाऊस फार, तिकडे उतरती कौलारू घरे. जत-आटपाडीकडे पाऊस कमी, तिकडे पांढऱ्या मातीची धाबी. आणि मधल्या काळात सगळीकडेच सिमेंटचे पत्रे आले.

एक मंगळुरी कौल साधारण दोन-अडीच किलोंचे असते. हजार कौले म्हणजे दोन-अडीच टन झाले. धाब्याचे तर विचारूच नका. दहा बाय दहाची खोली आणि वर एक फूट मातीचा थर, म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास! वजन चार टनांच्या घरात. शाळेत घनफळ शिकवताना मी हेच उदाहरण फळ्यावर देते. शिवाय उकरलेली माती फुगते, त्यामुळे एका ब्रासच्या ट्रॉलीत ती मावत नाही. ‘‘एका खेपेत होईल, वहिनी’’ म्हणणाऱ्या ठेकेदाराला हा हिशेब जरूर करून दाखवा. हे वजन काय करू शकते, ते १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे.

कामाच्या आदल्या दिवशी

माळ्यावरचे सामान काढून घ्या. पाण्याची टाकी, आड, तुळशीवृंदावन ताडपत्रीने झाका. छपराखालून गेलेल्या वायरी वायरमनकडून बंद करून घ्या. लहान मुले आणि दम्याची माणसे शेजारी किंवा नातेवाइकांकडे पाठवा. शेजारणींना सांगून ठेवा, म्हणजे त्यांचे पापड-कुरडयांचे वाळवण धुळीत जाणार नाही! राडारोडा पडेल त्या जागेभोवती दोरी बांधा आणि तिच्या आत कुणालाही, अगदी चहा घेऊन जाणाऱ्यालाही, जाऊ देऊ नका.

उतरविण्याची रीत

कौले वरून भिरकावू नयेत. आढ्यापासून सुरुवात करून दोन्ही उतारांवरची कौले आळीपाळीने काढावीत, म्हणजे तोल एका बाजूला जात नाही. शिडीवर माणसे उभी करून हातोहात खाली द्यावीत. कौलाखाली विंचू हमखास निघतो, तेव्हा हातमोजे हवेतच.

धाब्याची माती वरच्या वर ढीग करून ठेवू नये आणि माडीवरही उतरवू नये. खालच्या तुळया तो भार पेलतील असे नाही. धूळ बसण्यापुरतेच पाणी शिंपडावे. माती भिजवली तर तिचे वजन आणखी वाढते.

खाली चार वेगळे ढीग करा : धड कौले, फुटकी कौले, माती आणि लाकूड. ढीग भिंतीला टेकवू नका, गटारावर घालू नका, कमरेपेक्षा उंच होऊ देऊ नका. धड कौले आणि सागवानी वासे विकले जातात. फुटकी कौले-माती जोत्याच्या भरावाला चालते. खापऱ्या कुंडीच्या तळाला उत्तम. मात्र ऑइलपेंट दिलेले किंवा वाळवीचे औषध मारलेले लाकूड चुलीत वा बंबात घालू नका. त्याचा धूर विषारी असतो.

खिळ्यांसाठी एक जुना डबा ठेवा. उरलेले खिळे शोधायला जुन्या स्पीकरचा लोहचुंबक सुतळीला बांधून अंगणभर फिरवा. काम करणाऱ्यांनी धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, तेही विचारा. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायकांच्या पायात चपला आणि हाताशी पिण्याचे पाणी आहे ना, एवढे पाहणे आपल्याकडून सहज होते.

सिमेंटच्या पत्र्यांची गोष्ट वेगळी

जुन्या करड्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. पत्रा अखंड आहे तोवर त्रास कमी. तो फुटला, कापला, भोके पाडली की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-चाळीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक म्हटले आहेत. लंडनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर अशा बायका आढळल्या, ज्या कधी कारखान्यात गेल्या नव्हत्या. त्यांच्या घरची माणसे ॲस्बेस्टॉसच्या कामावरून अंगा-कपड्यांवर धूळ घेऊन घरी येत, आणि ते कपडे या बायका धूत. भगिनींनो, यासाठीच हा विषय बायकांच्या पानावर यायला हवा.

तेव्हा असे करा. पत्रा हातोड्याने फोडू देऊ नका. पाण्याच्या फवाऱ्याने ओला करून, हूक आणि बोल्ट सोडवून अख्खा उतरवायला सांगा. जुन्या पत्र्यावर कुणी पाय देऊ नये, तो एकदम तुटून माणूस खाली येतो. कामगारांना चेहऱ्याला घट्ट बसणारा, सूक्ष्म तंतू अडविणारा मास्क हवा. पदर किंवा रुमाल इथे कामाचा नाही. पडलेला चुरा कोरड्या झाडूने कधीही झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा, आणि तेच फडके चुऱ्यासह जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाका. कामावरचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. पत्र्याचे तुकडे भरावात किंवा कोंबड्यांच्या खुराड्याला वापरू नका, दुसऱ्या कुणाला देऊही नका. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ते वेगळे ठेवा आणि कुठे द्यायचे हे नगरपालिकेला लेखी विचारा.

शेवटची खेप

राडारोडा रस्त्यावर किंवा गटारात टाकू नये, यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले आणि २०२५ मध्ये नवे काढले. पण सांगलीकरणींना नियमाची आठवण कशाला हवी? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. आपल्या घरची ट्रॉली रात्री गुपचूप ओढ्यात रिकामी झाली, तर पुढच्या पावसात तिथेच पाणी तुंबणार आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरणार.

म्हणून ठेकेदाराशी बोलणी होतील तेव्हा चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : खेपा किती, त्यांचे पैसे कुणाकडे, माल कुठे टाकणार आणि किती दिवसांत उचलणार. सातारच्या नगरपालिकेत किंवा सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत जागेची चौकशी आधीच करा. आणि ठेकेदाराची शेवटची रक्कम अंगण मोकळे झाल्यावरच हाती द्या.