कुत्र्याची दबणारी श्वासनलिका व जाळीच्या नळीचा उपचार

पेण व रोहे तालुक्यांत खळ्याची, गोठ्याची व वाडीची राखण करण्यासाठी गावठी कुत्रा पूर्वापार पाळला जातो. त्याच्या जोडीला अलीकडे पामेरियन, पग यांसारख्या लहान जातींची कुत्रीही गावोगाव दिसू लागली आहेत. अशा लहान कुत्र्यांना मध्यम वयात पुष्कळदा एक विशिष्ट खोकला जडतो. तो कोरडा असतो व ऐकताना हंस किंवा बदक ओरडल्यासारखा वाटतो. घशात हाड अडकले असावे, अशी मालकाची समजूत होते आणि तो तोंडात बोटे घालून पाहतो. ही समजूत बहुधा चुकीची असते, आणि तोंडात बोटे घालणे तर धोक्याचे आहे. श्वासनलिका दबणे हे या खोकल्याचे एक महत्त्वाचे कारण होय. त्यावरील उपचारांची, विशेषतः नलिकेत जाळीची नळी बसविण्याच्या उपायाची, माहिती येथे दिली आहे.

नलिका का दबते?

उन्हाळी भाजीपाल्याला ओहोळाचे पाणी देणारा पंप सर्वांच्या परिचयाचा आहे. पाणी बाहेर टाकणारा पाइप साध्या कापडाचा असला तरी चालतो. पाणी ओढून घेणाऱ्या पाइपात मात्र कडक वेटोळे असावे लागते. ते नसेल तर आतील दाब कमी होताच बाहेरच्या हवेच्या दाबाने पाइप चपटा होतो व पाणी चढत नाही.

कुत्र्याच्या श्वासनलिकेची रचना अशाच तत्त्वावर आहे. तिला आधार देणारी सुमारे ३५ ते ४५ कूर्चेची कडी असतात. ही कडी पूर्ण गोल नसतात. पाठीच्या बाजूस ती उघडी असून तेथे स्नायूचा पातळ पडदा असतो. काही लहान जातींत ही कूर्चा मऊ पडत जाते, कडी चपटी होतात व पडदा सैल होऊन नलिकेत लोंबतो. मग श्वास आत घेताना मानेतील भाग दबतो, तर श्वास सोडताना व खोकताना छातीतील भाग दबतो. प्रत्येक खोकल्याने नलिकेच्या आतील अस्तराला सूज येते, सुजेमुळे पुन्हा खोकला येतो, आणि हे चक्र चालू राहते.

नलिकेची पोकळी सुमारे पाव, निम्मी, पाऊण किंवा जवळजवळ पूर्ण बंद होते, त्यानुसार पशुवैद्य रोगाच्या चार पायऱ्या मानतात. कूर्चेची दुर्बलता जन्मतःच असण्याचा संभव असल्याने अशा कुत्र्यापासून पैदास घेऊ नये.

रोग वाढविणाऱ्या गोष्टी

लठ्ठपणा, गळपट्ट्याचा ताण, धूर, धूळ व उष्णता या पाच गोष्टींनी रोग बळावतो. आपल्या भागात पावसाळ्यापूर्वी राब भाजले जातात, तेव्हा धूर घरापर्यंत येतो. चुलीचा धूर तर बारमाही असतो. पेणच्या मूर्तिशाळांत माती व प्लास्टरची धूळ असते. अशा ठिकाणी रोगी कुत्र्यास बांधू नये.

कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. वैशाखातील दमट उकाड्यात धापा वाढल्या की दबलेल्या नलिकेवर ताण येतो, श्वास अपुरा पडतो व शरीर अधिकच तापते. याच दिवसांत अशी कुत्री एकाएकी दगावण्याचा धोका अधिक असतो.

प्रथम पिसाळ रोगाची शंका घ्यावी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भाग नीट ध्यानात घ्यावा. पिसाळलेल्या कुत्र्याचाही आवाज बदलतो, त्याला गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते व घशात काही अडकल्याचा भास होतो. दबलेल्या श्वासनलिकेचा खोकला सहसा महिनोन्महिने चालतो व दोन उबळींच्या मध्ये कुत्रा नेहमीप्रमाणे खातो, पितो. याउलट आवाज व स्वभाव काही दिवसांतच बदलला असेल, जबडा लोंबत असेल किंवा चाल अडखळत असेल, तर त्या कुत्र्याच्या तोंडाला हात लावू नये. मुलांना व जनावरांना दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे.

चावा झाला असेल किंवा लाळ जखमेवर, डोळ्यात अथवा तोंडात गेली असेल, तर तो भाग लगेच पाण्याने भरपूर धुवावा. जखम साबण लावून निदान १५ मिनिटे धुवावी. त्यानंतर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. पिसाळ रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून हयगय करू नये.

गावठी किंवा मोठ्या कुत्र्यास खोकला आला, तर श्वासनलिका दबण्यापेक्षा संसर्गजन्य खोकला, डिस्टेंपर, हृदयातील जंत किंवा फुफ्फुसाचा दाह यांचा संभव अधिक असतो. क्षकिरण चित्राशिवाय व तपासणीशिवाय निदान करू नये.

औषधोपचाराला पहिले स्थान

सर्वच रोगी कुत्र्यांना जाळीची नळी लागत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या १०० कुत्र्यांच्या एका पाहणीत ७१ कुत्र्यांची लक्षणे केवळ औषधोपचाराने व निगेने दीर्घकाळ आटोक्यात राहिली. खोकला शमविणारी, सूज उतरविणारी व श्वासमार्ग मोकळा करणारी औषधे पशुवैद्य प्रकृतीनुसार देतात. माणसांचे खोकल्याचे किंवा तापाचे औषध कुत्र्यास परस्पर देऊ नये. त्यातील काही द्रव्ये कुत्र्यास विषारी ठरतात.

निगेतील पहिली गोष्ट वजनाची. तीन किलोच्या कुत्र्यावर एक किलो चरबी चढणे म्हणजे साठ किलोच्या माणसाने वीस किलोंनी वाढण्यासारखे आहे. भात, बिस्किटे व ताटातील उरलेसुरले देणे थांबवून आहार मोजून द्यावा. दुसरी गोष्ट पट्ट्याची. गळपट्टा काढून टाकावा व छातीवरून जाणारा पट्टा वापरावा.

जाळीची नळी केव्हा व कशी बसवितात?

औषधे पुरेशी देऊनही श्वास अपुरा पडत असेल व जीवच धोक्यात असेल, तेव्हाच हा उपाय योजतात. पूर्वी मानेवर छेद घेऊन नलिकेच्या बाहेरून प्लास्टिकची कडी टाचत असत, व काही ठिकाणी अद्यापही टाचतात. ती मुख्यतः मानेतील भागास उपयोगी पडतात. तसेच स्वरयंत्राच्या मज्जातंतूस इजा होण्याचे भय असते.

स्टेंट म्हणजे बारीक तारेची विणलेली नळी. ती बहुधा निकेल व टिटॅनियम यांच्या निटिनॉल नावाच्या मिश्रधातूची असते. दाबून बारीक केलेली ही नळी मोकळी होताच आपोआप फुलते. कुत्र्यास भूल देऊन श्वासनलिकेची लांबी व रुंदी क्षकिरणांच्या साहाय्याने मोजतात आणि नलिकेहून किंचित रुंद स्टेंट निवडतात. मग तोंडावाटे तो आत सरकवून क्षकिरण पडद्यावर किंवा दुर्बिणीतून पाहत योग्य जागी उलगडतात. मानेवर छेद घ्यावा लागत नाही. पंपाच्या पाइपात आतून वेटोळे बसवावे, तसेच हे काम आहे. योग्य कुत्र्यात श्वास तत्काळ मोकळा होतो.

तथापि स्टेंटने रोग नाहीसा होत नाही. मालकाने पुढील गोष्टी आधी समजून घ्याव्यात :

१. खोकला बहुधा पूर्ण थांबत नाही. तारेमुळे कफ वर सरकण्यास अडथळा होतो व संसर्ग होऊ शकतो.

२. वारंवार खोकल्याने तारा वाकून तुटू शकतात. म्हणून स्टेंटनंतरही खोकल्याचे औषध चालूच ठेवावे लागते.

३. स्टेंटच्या टोकांशी मांस वाढून वाट पुन्हा अरुंद होऊ शकते, किंवा स्टेंट जागचा सरकू शकतो.

४. अस्तर वर चढल्यावर स्टेंट काढणे अतिशय कठीण असते.

५. फुफ्फुसातील लहान शाखाही दबत असतील, तर त्यांना या नळीचा आधार मिळत नाही.

हे काम विशेष शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याचे व साधनयुक्त रुग्णालयाचे आहे. तालुक्याच्या दवाखान्यात निदानाची सुरुवात करून तेथील पशुवैद्याकडून पुढे पाठविण्याची चिठ्ठी घ्यावी. आपल्या भागास मुंबई जवळ आहे. परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा अन्य मोठ्या रुग्णालयात ही सोय आहे काय, खर्च किती येईल व पुढील तपासण्या किती होतील, हे निघण्यापूर्वीच विचारावे. कर्ज काढण्यापूर्वी वरील पाच गोष्टींचा विचार करावा. वजन उतरवून व पट्टा बदलून पाहिल्याखेरीज स्टेंटकडे वळू नये.

श्वास कोंडल्यास

जीभ निळसर झाली, मान ताणून कुत्रा धडपडू लागला किंवा कोसळला, तर गळपट्टा सोडावा, गर्दी हटवावी व त्यास सावलीत वाऱ्यावर ठेवावे. अंग तापले असल्यास पोट व पाय साध्या पाण्याने भिजवावेत. तोंडात पाणी किंवा औषध ओतू नये. ते फुफ्फुसात जाते. दवाखान्यास कळवून, टोपलीत मोकळे ठेवून, शक्य तितक्या लवकर तेथे न्यावे.

खोकला नवा असतानाच कुत्रा तपासून घेणे, पिसाळ रोगाची लस नियमित टोचून घेणे आणि वजन, धूर व पट्टा यांकडे लक्ष देणे ही कामे कमी खर्चाची आहेत. ती वेळीच केल्यास पुष्कळ कुत्र्यांवर स्टेंट बसविण्याची वेळ येणार नाही.