आधी केबल, मग माइक

आमच्या डिचोलीच्या घरात माझ्या टेबलावर चहाच्या पत्ती‌चा एक जुना पत्र्याचा डबा आहे. पाहुण्यांना वाटतं, मी त्यात सुईदोरा ठेवते. त्यात खरं तर एक माइक आहे, मी स्वतः बनवलेला. त्याने माझ्या आजीची अकरा गाणी टिपली. बारावं हुकलं. ते का हुकलं, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. वाचून तुमच्यापैकी कुणी हातात सोल्डरिंग आयर्न घेतलं, तर माझी चूक तरी वाचेल.

आजी धालोची गाणी म्हणते. पौषातल्या रात्री मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून ही गाणी म्हणतात, हे गोव्यात वाढलेल्यांना सांगायला नको. आजारपणानंतर आजीचं मांडावर जाणं थांबलं. आवाजही बारीक झाला. मी फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं, तर प्रत्येक ओळीचा शेवट गायब! फोनमधली यंत्रणा बोलण्याचा आवाज ठेवते आणि मागचा हलका आवाज गोंगाट समजून दाबून टाकते. आजीचा ओसरता सूर तिला गोंगाटच वाटत होता.

इथे कुणीही विचारेल, मग तयार माइक का नाही घेतला? प्रश्न बरोबर आहे. फक्त रेकॉर्डिंगच हवं असेल, तर काही हजारांत बरा माइक मिळतो आणि तोच घ्यावा. घरी बनवलेलं नेहमी स्वस्त पडतं, असं नाही. पण मला तो डबा आतून समजून घ्यायचा होता. पुढे काही बिघडलं, तर कुठे बिघडलं ते शोधता आलं पाहिजे, एवढाच हेतू होता.

पहिली पायरी : केबल

बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांना विचारायला गेले. त्यांनी माझी माइकची आकृती बघितली आणि म्हणाले, "बाय, आधी एक केबल करून आण. मग माइकचं बोलू."

तेव्हा राग आला होता. आज मीही नवख्यांना हेच सांगते. सामान अगदी थोडं लागतं : सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर, एक साधा मल्टिमीटर, वायर सोलायचा चिमटा, माइकची केबल आणि एक्सएलआर प्लगची जोडी. गोव्यात प्रत्येक सुटा भाग मिळेलच असं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कुणी जाणार असेल, तर यादी हातात द्यावी. नाहीतर ऑनलाइन मागवावं.

माइकच्या केबलमध्ये दोन तारा आणि त्यांच्याभोवती जाळी असते. जाळी प्लगच्या १ नंबरच्या पिनला, एक तार २ नंबरला आणि दुसरी ३ नंबरला जोडायची. दोन तारा कशाला, हे समजलं की अर्धा विषय समजला. वाटेत विजेच्या तारांचा गुणगुणाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो. पुढचं उपकरण फक्त दोन तारांमधला फरक वाचतं. दोन्हींवर सारखं जे आलं, ते वजा होऊन जातं आणि उरतो तो आवाज.

सोल्डर करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आधी जोड गरम करायचा, मग त्याला सोल्डर लावायचं. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन तो जोडावर पुसला, तर जोड कच्चा राहतो. पक्का जोड गुळगुळीत पसरलेला दिसतो आणि कच्चा गोळ्यासारखा उभा राहतो. आजी शेजारी बसून हे बघत होती. म्हणाली, "हे कल्हईवाल्याचंच काम गो. भांडं तापलं नाही, तर कल्हई धरायची नाही." दोन दिवस व्हिडिओ बघून मला जे कळलं नव्हतं, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

दुसरी पायरी : माइक

डब्यातला माइक इलेक्ट्रेट जातीचा आहे. शर्टाच्या बटणाएवढी ही कॅप्सूल १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी शोधली. तिच्यातल्या पातळ पडद्याजवळ कायमचा विद्युतभार साठवलेला असतो, म्हणून ती छोट्या बॅटरीवर चालते.

जोडणी सोपी आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकाकडून १० किलोओहमचा रेझिस्टर कॅप्सूलच्या धन टोकाला. कॅप्सूलचं ऋण टोक बॅटरीच्या ऋण टोकाला. कॅप्सूलच्या धन टोकापासूनच एका कपॅसिटरमधून सिग्नल बाहेर काढायचा. मी १० मायक्रोफॅरडचा वापरला. त्याची धन बाजू कॅप्सूलकडे ठेवायची. सिग्नल एक्सएलआरच्या २ नंबरला आणि बॅटरीची ऋण बाजू १ व ३ या दोन्हींना. ऑडिओ इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं फॅन्टम पॉवरचं बटण मात्र बंदच हवं. या माइकला त्याची गरज नाही.

माझ्या पहिल्या तीन कॅप्सूल जळाल्या, कारण मी आयर्न टेकवून ठेवलं होतं. दोन-तीन सेकंदांत जोड झाला नाही, तर आयर्न उचला, कॅप्सूल थंड होऊ द्या आणि पुन्हा करा. चौथी चालली. हेडफोनमध्ये स्वतःचा श्वास ऐकू आला, तेव्हा मी ओरडलेच. अख्खं घर धावत आलं.

आणि ते बारावं गाणं

त्याच संध्याकाळी मी आजीला समोर बसवलं. ती खुशीत होती. तिने एक लांबलचक गाणं म्हटलं, जे मी कधी ऐकलंच नव्हतं. मी डोळे मिटून ऐकत राहिले. हेडफोन मात्र कानाला लावला नव्हता.

रात्री ऐकलं, तर गाण्यावर सलग गुणगुणाट. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ती ५०ची गुणगुण आणि तिच्या पटीतले सूर आजीच्या आवाजावर बसले होते. संगणकावर ते काढायला गेले, तर आजीचा आवाज पत्र्यासारखा होई.

कारण दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत सापडलं. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि गुणगुण निम्म्याहून कमी झाली. प्लॅस्टिकच्या डबीतला माइक चहाच्या पत्र्याच्या डब्यात घातला, डबा बॅटरीच्या ऋण बाजूला जोडला आणि उरलेली गेली. पत्र्याचा डबा बाहेरचा गोंधळ अडवतो. मग मी आजीला म्हटलं, कालचं गाणं पुन्हा म्हण ना. ती सुरुवात करी आणि मधल्या ओळींवर अडे. "आठवत नाही गो बाय," म्हणाली. पुढच्या पौषातही विचारलं. नाही आठवलं. शेजारच्या तिच्या वयाच्या बायकांना विचारलं, त्यांनाही तुकडेच येतात.

म्हणून सांगते, रेकॉर्डिंगआधी एक मिनिट शांततेचं रेकॉर्डिंग करून ते हेडफोनवर ऐका. चार्जर काढा, पंखा बंद करा. मगच आजीला बोलवा.

तिसरी पायरी : खोली

माइक सुधारला, तसा खोलीचा दोष ऐकू येऊ लागला. फरशी आणि कोऱ्या भिंतींमुळे आवाज घुमतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला सगळे देतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण पुठ्ठा फार पातळ असतो. आजीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगल्या, त्याने खूप फरक पडला. खालचे, जड सूर मात्र गोधडीला जुमानत नाहीत. १०० हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. तिला शोषायला लाकडी चौकटीत जाड खनिज लोकर भरून वरून कापड लावतात. ती हाताळताना हातमोजे आणि मास्क हवाच. आपल्या पावसाळ्यात चौकट भिंतीपासून थोडी सोडून लावा, नाहीतर मागे बुरशी धरते.

हे जमलं की घुमट टिपून बघा. २०१९ मध्ये गोव्याने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. त्याचं मडकं कुंभाराचं आणि आपली डिचोली मातीच्या भांड्यांसाठी ओळखली जाते. माइक चामड्यासमोर धरला तर थाप येते, मागच्या लहान तोंडाशी धरला तर घुमारा. दोन्ही ऐकून बघण्यात चतुर्थीची एक संध्याकाळ मजेत जाईल.

सांभाळून

सुरुवातीचं सगळं काम बॅटरीवर करा. थेट विजेवर चालणारा ॲम्प्लिफायर उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातले मोठे कपॅसिटर जोराचा धक्का देऊ शकतात. खिडकी उघडी ठेवून सोल्डर करा. सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा. लहान भावंडं शेजारी असतील, तर आयर्न स्टँडवरच ठेवा.

फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर बसून अवकाशात गेला. आमच्या आजीचा आवाज एवढ्या लांब जायचा नाही. आमच्या घरात राहिला तरी पुरे.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ओव्या म्हणणारं, आरती म्हणणारं किंवा नुसती जुनी गोष्ट सांगणारं. सुट्टीत गावी जाल तेव्हा त्यांच्यासमोर माइक ठेवा, विकतचा असो की डब्यातला. या आठवड्यात फक्त एक केबल करून बघा. ती चालली की पुढची पायरी आपोआप सुचते. काकांनी माझी पहिली केबल मल्टिमीटरवर तपासली होती आणि एवढंच म्हणाले होते, "चलता." त्या एका शब्दाने मी तीन दिवस खूश होते.